मराठवाड्याची इंग्रजी : पाटीपासून मोबाइलपर्यंत

माझे वडील नांदेडला शिकले ते उर्दूतून. घरात मराठी, शाळेत गणित-भूगोल उर्दूत आणि इंग्रजी हा एक विषय. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि तिथला कारभार उर्दूत चाले. 1918मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच, आणि इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणायला हैदराबादेत स्वतंत्र भाषांतर विभाग होता. वडिलांना इंग्रजी शब्दाचा अर्थ आधी उर्दूत कळायचा, मग ते तो मनातल्या मनात मराठीत आणायचे. सप्टेंबर 1948मध्ये निजामाची राजवट संपली. पुढे उस्मानियानं इंग्रजी माध्यम स्वीकारलं आणि उर्दूत तयार झालेली मुलं ऐन कॉलेजच्या उंबरठ्यावर अडखळली.

मग आपल्याकडे कॉलेजं आली. 1950मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं नांदेडला पीपल्स कॉलेज, 1970मध्ये लातूरला राजर्षी शाहू कॉलेज. पण खेड्यातल्या आम्हा पोरांची एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. सर एक ओळ वाचायचे, मराठीत अर्थ सांगायचे, फळ्यावर शब्दार्थ लिहायचे. आम्ही ते उतरवून पाठ करायचो. पुढे मी नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याच्या बाजूला इंग्रजीची शिक्षिका झाले आणि तशीच शिकवत राहिले, कारण आम्हा शिक्षकांच्या कानावरही इंग्रजी कधी पडली नव्हती. ज्याला बोलायचंच होतं तो एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून इंग्रजी बोलायला शिकवणारं ‘रॅपिडेक्स’ पुस्तक घ्यायचा. त्याच्या जाहिरातीत कपिल देव असायचा, पण पुस्तक आवाज कुठून देणार?

नव्वदच्या दशकात अभ्यासाचा ‘लातूर पॅटर्न’ गाजला. आमच्या भागातल्या मुलांनी बारावीला भल्याभल्यांना मागं टाकलं. तीच मुलं पुण्यात गेली की शास्त्राचे अवघड शब्द बिनचूक लिहायची, आणि इंग्रजीत साधं एक वाक्य बोलायला चाचरायची. 2000पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. पुस्तकं रंगीत झाली, पण खेड्यात बोलणारं माणूस काही वाढलं नाही.

फरक पडला 2016नंतर. त्या वर्षी सप्टेंबरात जिओ आलं. नेट स्वस्त झालं तसा इंग्रजीचा आवाज वाडी-तांड्यावर पोहोचला. माझ्या शेजारची नववीतली मुलगी चुलीपुढं बसून व्हिडिओ बघायची. पडद्यावरची बाई एकेक भांडं उचलून नाव घ्यायची. पळी दाखवून ‘लेडल’ म्हणाली की ही व्हिडिओ थांबवायची, बोटानं मागं सरकवायची, पुन्हा ऐकायची. ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून बघायची, आणि मग वहीत देवनागरीत लिहून समोर पळीचं चित्र काढायची. माझ्या वर्गात हाच शब्द तिनं लिहून घेतला असता आणि चाचणी झाली की विसरली असती.

असे बरेच व्हिडिओ हिंदीतून शिकवतात. आमच्या पोरांना त्याची अडचण नाही. बाजारात, रिक्षात, शेजारघरी दखनी हिंदी-उर्दू ऐकतच ती वाढतात. वडिलांच्या वेळी उर्दू मध्ये असायची, आता हिंदी असते. पण आता ऐकणं शिकणाऱ्याच्या हातात आलं आहे. न समजलं तर दहादा मागं जाता येतं, आणि पडद्यावरचा माणूस ‘कितीदा सांगू?’ म्हणत नाही. भिडस्त मुलीसाठी ही केवढी मोठी सोय आहे, हे वर्गात मान खाली घालून बसलेल्या पोरी बघितलेल्या माणसाला विचारा.

मात्र ऐकून कान तयार होतो. बोलायला समोर माणूस लागतं. ते काम शाळेचं. म्हणून माझं तरुण शिक्षकांना सांगणं आहे : तासातली दहा मिनिटं व्हिडिओला द्या आणि उरलेला वेळ मुलांना एकमेकांशी बोलू द्या. दप्तराबद्दल, डब्याबद्दल, शेतातल्या सोयाबीनबद्दल बोलू द्या. व्याकरण चुकलं तरी मध्येच तोडू नका. मराठवाड्याच्या तीन पिढ्या इंग्रजी लिहायला शिकल्या. चौथीला ऐकायला मिळालं आहे, आता तिला बोलतं करणं हे आपलं देणं आहे.