सायलेन्सर, धुराडे आणि सहा हजार पौंड

मोटारीच्या पोटाखाली बसवलेल्या ज्या डब्याला अमेरिकन लोक ‘मफलर’ म्हणतात, त्याला आपल्याकडे इंग्रजांच्या वळणाने ‘सायलेन्सर’ हे नाव रूढ झाले; मफलर मराठी माणसाच्या गळ्याभोवतीच राहिला. इंडियाना राज्यातील कोलंबस गावच्या मिल्टन व मार्शल रीव्ह्ज ह्या बंधूंनी अशा डब्याचे पेटंट १८९७ साली मिळवले. पुढे १९०९ साली हायरम पर्सी मॅक्सिम ह्याने बंदुकीचा आवाज दबवणाऱ्या साधनाचे पेटंट घेतले आणि तेच तत्त्व इंजिनांनाही लावले. बापाने मशीनगन निर्माण करावी आणि मुलाने आवाज गिळणारे यंत्र काढावे, हा योग मोठा मौजेचा खरा. हाच मुलगा १९१४ साली अमेरिकेतील हौशी बिनतारीवाल्यांच्या संघटनेचा एक संस्थापक झाला, हेही जाता जाता सांगावयास हरकत नाही.

आवाज दाबावयाचा तर वायूची वाट अडवावी लागते, आणि वाट अडली की इंजिनाला आपलाच धूर बाहेर ढकलण्यासाठी काही शक्ती खर्च करावी लागते. कारखान्याने दिलेली नळी काढून दुसरी बसवण्याच्या हौसेचे मूळ ह्या साध्या गोष्टीत आहे. ती हौस सर्वांत अधिक फोफावली अमेरिकेत. आणि ज्या वाहनावर ती पुढे विशेष रमली, ते वाहन म्हणजे पिकअप ट्रक.

फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या ‘मॉडेल टी’ला मागे मालाचा हौदा जोडून ती गाडी २८१ डॉलरांना विकावयास काढली. कारखान्यातूनच तयार होऊन आलेली ही पिकअप म्हणजे शेतकऱ्याची व सुताराची गाडी होती. १९३२ साली त्याच कंपनीने आठ सिलिंडरांचे, पासष्ट अश्वशक्तीचे स्वस्त इंजिन आणले आणि ते पिकअपलाही मिळू लागले. ह्या इंजिनात एक खोट होती. जळलेला वायू झडपेतून निघून सरळ बाहेर न पडता इंजिनाच्या ठोकळ्यातून, सिलिंडरांच्या मधून वाट काढीत बाहेर येई. शिवाय एकेका बाजूच्या चार सिलिंडरांना दारे मात्र तीनच, म्हणजे मधल्या दोघांचा संसार एका दारात. ठोकळा त्यामुळे तापे आणि पाणी उकळे. दोन्ही बाजूंचा धूर अखेर एकाच नळीत कोंबला जाई, तो वेगळाच.

लॉस अँजेलिसच्या पलीकडे म्युरॉक आणि एल मिराज येथे कोरड्या सरोवरांचे सपाट तळ आहेत. तेथे जुन्या फोर्ड गाड्या पळवणाऱ्या तरुणांनी १९३७ साली आपल्या मंडळांचा संघ बांधला. त्यांनी पहिल्यांदा जी कामे केली त्यांत दोन बाजूंना दोन स्वतंत्र नळ्या काढणे हे एक होते. पुढची पायरी ‘हेडर’ची. ओतीव लोखंडाच्या आखूड मॅनिफोल्डऐवजी प्रत्येक सिलिंडरला पोलादाची निराळी, शक्य तो सारख्या लांबीची नळी द्यावयाची आणि पुढे त्या सर्व एकत्र मिळवावयाच्या. इंजिनातून धूर अखंड धारेने निघत नाही, ठोक्याठोक्याने निघतो. एका सिलिंडरचा ठोका नेमक्या वेळी पुढे गेला तर त्याच्यामागे पडलेल्या विरळ जागेत दुसऱ्याचा धूर आपोआप ओढला जातो. महायुद्धानंतर हा घरगुती उद्योग व्यापार झाला. १९४८ च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ हे मासिक निघाले आणि १९६३ साली सुटे भाग बनवणाऱ्यांनी आपली संघटना उभारली.

तथापि शर्यतीच्या गाडीला जे मानवते ते पिकअपला मानवतेच असे नाही. पिकअपला मंद वेगात ओढ हवी असते. नळी गरजेपेक्षा रुंद घेतली की वायूचा वेग मंदावतो, ठोक्याठोक्यांची ती साखळी तुटते, आणि गाडी गर्जना मोठी करते पण भरल्या हौद्याने चढावर दमते. जुन्या सहा सिलिंडरी शेव्हरोलेटमध्ये धुराचा मॅनिफोल्ड हवेच्या मॅनिफोल्डला बोल्टांनी जोडलेला असे. त्याच्या उष्णतेने कार्बुरेटरचा तळ ऊबदार राही. तो काढून हेडर बसवला आणि त्या उबेची दुसरी सोय केली नाही, तर थंड सकाळी इंजिन कुरकुरते. कारखान्याने केलेली प्रत्येक गोष्ट निव्वळ काटकसरीपोटी केलेली नसते, हे उमगेपर्यंत पुष्कळांचे पैसे खर्ची पडले. आणि हे सारे नवा भाग बसल्यानंतरचे! त्याआधी तीस-चाळीस वर्षे तापून गंजलेले मॅनिफोल्डचे स्टड काढावयाचे असतात. तेल पाजून, गॅसच्या ज्योतीने तापवून, पान्याला हलके हलके पुढेमागे घ्यावे लागते. घाई केली की स्टड मोडतो आणि तासाभराचे काम दोन दिवसांवर जाते.

इथवर प्रश्न मालकाचा आणि त्याच्या इंजिनाचा होता. १९४३ च्या जुलैत लॉस अँजेलिसवर डोळे झोंबवणारे दाट धुके उतरले. युद्धाचे दिवस, जपान्यांनी विषारी वायू सोडला, असेही काहींना वाटले. त्या धुक्याचा उलगडा १९५० नंतरच्या काही वर्षांत आरी हागेन-स्मिट ह्या डच रसायनशास्त्रज्ञाने केला. अननसाच्या स्वादद्रव्यांचा अभ्यास करणारा हा गृहस्थ. त्याने दाखवून दिले की न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे ह्यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो. शत्रूने सोडलेला वायू नव्हताच. त्याचा फार मोठा भाग शहराच्या स्वतःच्या मोटारींतून येत होता. गाडीच्या मागच्या नळीवर त्या दिवसापासून शेजाऱ्यांचाही हक्क निर्माण झाला.

तो हक्क कायद्यात उतरला १९७० साली. नव्या कायद्यामुळे १९७५ च्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. विषारी वायूचे रूपांतर करणारे हे उपकरण शिसे घातलेल्या पेट्रोलने निकामी होते, म्हणून शिसेविरहित पेट्रोलही त्याबरोबर आले. (आपल्याकडे चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना ते १९९५ पासून सक्तीचे झाले.) परंतु कायद्याला कोठेतरी रेघ ओढावी लागते. मालासकट सहा हजार पौंडांहून अधिक वजन वाहण्यास पात्र अशा गाड्या अवजड गणल्या गेल्या आणि त्यांना हा नियम लागला नाही. १९७५ सालीच फोर्डने ‘एफ-१५०’ नावाची नवी पिकअप आणली. तिचे पात्र वजन होते ६,०५० पौंड! रेघेच्या पलीकडे केवळ पन्नास पौंड. शब्दाशब्दाने पाळलेल्या कायद्याचा हेतू कसा हुकवता येतो, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण सरकारी दप्तरांतही क्वचितच सापडेल. आणि त्यातून काय घडले, तर हेच नाव पुढे अमेरिकेतील सर्वाधिक खपाच्या वाहनांत गणले जाऊ लागले.

डॉजने ह्याच फटीतून १९७८ साली आपली तांबडी ‘लिल रेड एक्स्प्रेस’ काढली. केबिनच्या मागे दोन्ही अंगांना क्रोमची दोन उभी धुराडी, आणि कन्व्हर्टर नाही. त्या वेळी एका मोटारविषयक मासिकाने तपासलेल्या अमेरिकन गाड्यांत शंभर मैलांचा वेग सर्वांत लवकर गाठला तो ह्या मालवाहू गाडीने. १९७९ च्या गाड्यांसाठी ती रेघ सहा हजारांवरून साडेआठ हजारांवर सरकवण्यात आली. धुराडी राहिली, पण त्यांच्या वाटेत कन्व्हर्टर आले.

मूळची उपकरणे काढू नयेत ही बंदी प्रारंभी कारखानदार व विक्रेते ह्यांच्यावर होती. १९७७ साली ती दुरुस्ती करणाऱ्या गॅरेजांवर आणि १९९० साली प्रत्येक व्यक्तीवर आली. तिची गरज किती होती हे उशिरा कळले. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या २०२० च्या अहवालानुसार, आदल्या दहा वर्षांत सुमारे साडेपाच लाख डिझेल पिकअपांची शुद्धीकरण उपकरणे काढली वा बंद पाडली गेली होती. त्या गाड्यांच्या आयुष्यभरात नायट्रोजनची ऑक्साइडे पाच लाख सत्तर हजार टनांनी जास्त बाहेर पडतील असा खात्याचा अंदाज होता. चौसष्ट साली अंगणात पान्हा घेऊन बसलेल्या तरुणाला आणि ह्या मालकाला एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. पहिल्याला आपल्या धुराचे परिणाम बहुधा ठाऊक नव्हते. दुसऱ्याला ते ठाऊक होते.

कॅलिफोर्नियात आज १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या नियतकालिक तपासणीतून सूट आहे. मूळची उपकरणे काढण्याची मुभा मात्र तिने मिळत नाही, आणि आवाजाची ९५ डेसिबलांची मर्यादा सहा हजार पौंडांखालील जुन्या गाड्यांनाही आहे. सहा हजारांची ती रेघ तेथे अजून अशी भेटते! १९७६ नंतरच्या गाडीला हेडर बसवावयाचा तर त्या भागाला राज्याच्या हवा मंडळाचा आदेश क्रमांक असावा लागतो. म्हणून जाणता कारागीर गाडीखाली शिरण्याआधी दाराच्या कडेवरची पट्टी पुसून तीवरचे साल आणि पौंड वाचतो. स्टडना तेल पाजणे त्यानंतर.