फलकनुमा : वाचलेली वास्तू, उरलेला प्रश्न

हैदराबादच्या चारमिनारपासून सुमारे ५ किलोमीटरवर, टेकडीच्या माथ्यावर फलकनुमा उभा आहे. फलकनुमा म्हणजे आसमानासारखा. पायगाह घराण्यातील नवाब विकार-उल-उमरा यांनी १८८४ मध्ये त्याची पायाभरणी केली. बांधकामाच्या खर्चाने नवाब कर्जबाजारी झाले, असे सांगतात. पुढे १८९७ च्या सुमारास तो सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्याकडे गेला. एकाच वेळी १०१ पाहुणे बसतील असे त्याचे भोजनाचे मेज आजही प्रसिद्ध आहे.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि या महालाचे कामच संपले. १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद तेथे उतरले होते. त्यानंतर कित्येक दशके दारे बंदच राहिली. बंद घराला वाळवी लागते, छत गळते, सामान नाहीसे होते. अखेर निजाम घराण्यातील राजकुमारी एसरा यांच्या पुढाकाराने ताज समूहाशी करार झाला. छते, फर्निचर, झुंबरे यांची सुमारे दहा वर्षे डागडुजी चालली आणि नोव्हेंबर २०१० मध्ये महालाचे हॉटेल झाले.

नाके मुरडणाऱ्यांनी दिवाण देवडी आठवावी. सालारजंगांची ती प्रचंड हवेली. १९५१ मध्ये तिच्यात सालारजंग म्युझियम सुरू झाले. १९६८ मध्ये संग्रह नव्या इमारतीत हलला. पुढे हवेली पाडली गेली. आज खूण म्हणून कमानी तेवढ्या उरल्या आहेत. ज्या वास्तूला काम नाही, तिला वालीही नसतो.

तरीही एक हिशेब बाकी राहतो. संस्थानाचा सारा भरणाऱ्यांत औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबादचे शेतकरीही होते. त्यांच्या नातवंडांना फलकनुमात एक रात्र राहणे परवडणार नाही. याच घराण्याचा चौमहल्ला मात्र दुरुस्तीनंतर २००५ पासून तिकीट काढून कुणालाही पाहता येतो. २०१० मध्ये युनेस्कोने त्या कामाचा गौरवही केला. म्हणजे दोन्ही वाटा एकाच घरातून निघाल्या.

आपल्या गावोगावच्या हवेल्याही वारसांच्या वाटण्यांत चौकटीसकट विकल्या जात आहेत. त्यांत दुकान निघो, खानावळ निघो, हरकत नाही. मात्र वास्तूला धंदा देताना दारात तिची हकिकत लिहावी आणि निदान अंगण तरी सर्वांसाठी खुले ठेवावे. नाहीतर भिंती वाचतील, इतिहास मात्र बेघर होईल.