टेलरसाहेबाच्या तीन कादंबऱ्या
निजामाच्या फौजेतील एका इंग्रज अधिकाऱ्याने तुळजापूरची कथा कादंबरीत गुंफली, हे आज क्वचितच कोणास आठवत असेल. फिलिप मेडोज टेलर १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, मुंबईच्या एका व्यापारी पेढीत नोकरीस आला. पेढी डबघाईस आलेली. तेव्हा नातलगाच्या शब्दावर हैदराबादच्या लष्करात त्याची सोय लागली. पोलिसांचे काम पाहताना ठगांच्या खुनांचा माग त्याला लागला होता. पण ऐन वेळी पलटणीत परतण्याचा हुकूम आला आणि श्रेय स्लीमनला गेले. १८३९ साली एका ठगाचा कबुलीजबाब कादंबरीरूपाने लिहून त्याने ती रुखरुख भरून काढली असावी.

१८५३ पासून तो नळदुर्गास राहून जिल्ह्याचा कारभार पाही. तुळजापूर तेथून जवळच. तिथल्या ब्राह्मणकन्येची 'तारा' १८६३ साली निघाली. तीत शिवछत्रपती आहेत, अफझलखान आहे. मागून प्लासीच्या काळावरील 'राल्फ डार्नेल' आणि सत्तावनच्या बंडावरील 'सीता' आली. १६५७, १७५७, १८५७ अशी शतकांची सांगड त्याने घातली. खानाचा वध १६५९ चा. हिशेबासाठी दोन वर्षे सरकविणे इतिहासकाराला शोभले नसते. 'सीते'त मात्र इंग्रज अधिकारी हिंदू विधवेशी लग्न करतो. टेलरची पत्नी मेरी ही हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांची कन्या, आणि पामर यांची आई हिंदुस्थानी. घरातलीच गोष्ट त्याने बंडाच्या धुमश्चक्रीत नेऊन ठेवली, आणि तीही बंडाच्या जखमा ओल्या असताना.

१८७५ साली सालारजंगांच्या निमंत्रणावरून तो हैदराबादेस पुन्हा आला, आजारी पडला, आणि परतताना १८७६ च्या मे महिन्यात फ्रान्समधील मेंतोन येथे वारला. आत्मचरित्र पुढील वर्षी त्याच्या मुलीने प्रसिद्ध केले.