प्राणिप्लवक, गोड्या पाण्यातील : पोषकद्रव्ये व वाढ

तळी, सरोवरे व धरणांच्या पाण्यात तरंगत राहणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांच्या वाढीचा वेग त्यांच्या शरीरातील व अन्नातील पोषकद्रव्यांवर, विशेषतः फॉस्फरसवर, अवलंबून असतो. रोटिफर, डॅफ्नियासारखे क्लॅडोसेरा आणि कोपेपॉड हे या प्राण्यांचे प्रमुख गट. नारू रोगामुळे महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत माहीत झालेला सायक्लॉप्स हा कोपेपॉडच.

डॅफ्नियाच्या शुष्क वजनात फॉस्फरस साधारण १ ते १.५ टक्के भरतो. कोपेपॉडमध्ये तो बराच कमी, पण नायट्रोजन तुलनेने जास्त असतो. हा फरक दोघांच्या जीवनक्रमाशी जुळतो. उबदार पाण्यात, पोटभर अन्न मिळाले तर डॅफ्निया आठवडा-दीड आठवड्यात प्रौढ होते. पारदर्शक कवचातून पाठीकडच्या पोकळीतली अंडी सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. ती फलनाविनाच वाढतात. कोपेपॉडला मात्र प्रौढ होण्याआधी अनेकदा कात टाकावी लागते. भराभर वाढायचे तर प्रथिने भराभर तयार व्हायला हवीत. ती रायबोसोममध्ये बनतात आणि रायबोसोममधील आरएनएच्या वजनात सुमारे ९ टक्के फॉस्फरस असतो. जेम्स एल्सर व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हा धागा पकडून मांडलेली कल्पना 'वाढ-वेग गृहीतक' म्हणून ओळखली जाते.

प्राण्याच्या शरीरातील कार्बन व फॉस्फरस यांचे प्रमाण फारसे हलत नाही, शैवालाचे मात्र खूप हलते. डॅफ्नियात फॉस्फरसच्या एका अणूमागे कार्बनचे साधारण ८० ते १०० अणू असतात. फॉस्फरसची टंचाई असलेल्या शैवालात ही संख्या हजारापलीकडेही जाते. अन्नात ती ३००च्या आसपास पोहोचली की डॅफ्नियाची वाढ मंदावू लागते. आतडे हिरव्या शैवालाने गच्च भरलेले असूनही ती खुरटते, कारण जादा कार्बन श्वसनातून व उत्सर्गातून बाहेर टाकावा लागतो. अशा उपाशी शैवालाला खाऊ घालण्यापूर्वी थोडा वेळ फॉस्फेट दिले, तरी वाढ सुधारल्याचे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून तळे किती हिरवे आहे यावरून त्यातील अन्नाचा कस ठरवणे चुकीचे आहे. भरपूर ऊन आणि तुटपुंजा फॉस्फरस असेल तर शैवाल विपुल पण निकस निघते.

फॉस्फरस हे एकच कारण मानू नये. नीलहरित जिवाणूंत स्टेरॉल जवळजवळ नसतात, आणि ते प्राणिप्लवकांना स्वतः बनवता येत नाहीत. ईपीए या मेदाम्लाची कमतरताही वाढ रोखते. अन्नच कमी असेल किंवा पाणी थंड असेल, तर फॉस्फरस आणि वेग यांचे नाते सैल होते. फॉस्फरसचा अतिरेकही डॅफ्नियाला मानवत नाही.

डॅफ्नियाच्या फॉस्फरसच्या गरजेचा परिणाम पाण्यावरही होतो. डॅफ्निया फॉस्फरस स्वतःत राखते आणि उत्सर्गातून तुलनेने जास्त नायट्रोजन सोडते. त्यामुळे तिची संख्या वाढलेल्या सरोवरात शैवालाला फॉस्फरसची चणचण भासू लागते.