गाव म्हणजे कोण?

‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण आपल्या तोंडी इतकी रुळली आहे की तिचा अर्थ विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. शाळेत म्हणींचा तास घेताना मात्र एखादे चुणचुणीत पोर उभे राहते आणि विचारते, ‘गुरुजी, राव म्हणजे राजा हे समजले, पण गाव म्हणजे कोण?’ प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. गेल्या दीडशे वर्षांतला महाराष्ट्रातील नगरांच्या आणि खेड्यांच्या कारभाराचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नावर चाललेला वाद आहे. गावाच्या नावाने बोलायचे कोणी? कोणाचे बोलणे दप्तरात टिपले जायचे आणि कोणाचे वाऱ्यावर जायचे? दिवाळीचा फराळ करता करता वाचकांनी ही कथा ऐकावी. राजवाड्यांतल्या आणि रणांगणांवरच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो; ही कथा तळ्याची, मंडईची आणि पाणीपट्टीची आहे.

जुन्या काळी आपल्या खेड्यात गावाचा आवाज म्हणजे गोतसभा. वतनाचा तंटा निघाला, शिवेचे भांडण झाले, म्हणजे पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार एकत्र बसत, साक्षी होत आणि महजर लिहिला जाई. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याच्या हत्याराची निशाणी करी. पाटलाची निशाणी नांगराची. शिवेच्या तंट्यात तर महाराचा शब्द मोठ्या मोलाचा मानीत, कारण शिवेचा दगड न् दगड त्याला ठाऊक. पण हाच महार तंटा मिटवून तहानेला झाला, तर गावच्या विहिरीवर त्याला जाता येत नसे. गावाची हद्द त्याने सांगावी, पण गावाचे पाणी त्याने घेऊ नये, असा हा अजब न्याय होता! ही विसंगती वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्यातूनच मोठा वणवा पेटायचा आहे.

इंग्रजी अंमल आला आणि गावाचा अर्थ बदलला. मुंबई शहराचेच पाहा. १८६५ च्या कायद्याने शहराचा सारा कारभार एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती दिला आणि त्याच्यावर देखरेख करण्यासाठी ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणून सरकारने नेमलेल्या बड्या गृहस्थांचे मंडळ ठेवले. पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. माणूस धडाडीचा. रस्ते, गटारे, साफसफाई यांचा त्याने धडाका लावला आणि १८६९ मध्ये त्याच्या नावाची टोलेजंग मंडई उभी राहिली. परंतु त्याचा हात सढळ होता आणि खिसा लोकांचा होता. त्यातच अमेरिकेतील यादवी युद्ध संपून कापसाची तेजी ओसरली होती. कर वाढत गेले, कर्ज वाढत गेले आणि जस्टिस मंडळी बहुधा माना डोलावीत राहिली. डोलावणार नाहीत तर काय करतील? त्यांना नेमले होते सरकारने; लोकांना जाब द्यायचे त्यांना कारणच नव्हते.

१८७१ साली मुंबईचे करदाते खवळले. सभा झाल्या, अर्ज गेले, वर्तमानपत्रे तापली. नवरोजी फर्दुनजी यांच्यासारखी वडीलधारी मंडळी पुढे झाली. कमिशनरचे पद काढून टाकावे, त्याचे अधिकार एका मंडळाकडे द्यावेत, असा लोकांचा कल होता. अशा वेळी २९ नोव्हेंबर १८७१ रोजी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये एक सव्वीस वर्षांचा बॅरिस्टर व्याख्यानाला उभा राहिला आणि भर सभेत त्याने प्रवाहाविरुद्ध पोहायला सुरुवात केली. त्याचे म्हणणे असे की, कमिशनर हे दुखणे नव्हेच. काम करायला एक जबाबदार माणूस हवाच. दुखणे आहे ते त्याला विचारणाऱ्या मंडळात. ते मंडळ करदात्यांनी निवडलेले असू द्या, म्हणजे कमिशनर आपोआप ताळ्यावर येईल. श्रोत्यांना हे मुळीच रुचले नाही. हा तरुण म्हणजे फिरोजशहा मेहता. पुढे मुंबईचा कारभार कित्येक वर्षे ज्यांच्या शब्दावर चालला तेच हे मेहता.

१८७२ च्या कायद्याने मुंबईला ६४ सभासदांची कॉर्पोरेशन मिळाली. त्यांपैकी ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिस मंडळींनी निवडायचे आणि १६ सरकारने नेमायचे. अर्धा का होईना, गावाला आवाज मिळाला. पण कोणत्या गावाला? वर्षाला निदान पन्नास रुपये पट्टी भरणाऱ्याला! त्या काळचे पन्नास रुपये म्हणजे गिरणीतल्या कामगाराला कित्येक महिने घाम गाळावा लागे. गटार ज्याच्या दारावरून वाहात होते त्याला मत नव्हते; गटाराचा दाखला कागदावर वाचणाऱ्याला मात्र होते. १८८८ च्या कायद्याने सभासद ७२ झाले आणि मताची अट खाली आली. परंतु आवाज अजून पावतीच्या जोरावरच उमटत होता.

इकडे पुण्यात याच सुमारास निराळा प्रयोग चालला होता. पर्वती देवस्थानाच्या कारभाराविषयी लोकांच्या मनात तक्रार होती. तक्रार खरी असली तरी ती करणारा कोण, कोणाच्या वतीने बोलतो, हा प्रश्न होताच. सरकार कोणत्याही पुढाऱ्याला तोच प्रश्न टाकून गप्प करीत असे. गणेश वासुदेव जोशी यांनी त्यावर एक नामी तोड काढली. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली आणि तिचा नियम असा की, निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणील त्यालाच सभासद होता येईल. सहा हजार लोकांनी असे ९५ मुखत्यार निवडले. पाहा हं! सरकारने मत दिले नव्हते, मतपेट्या नव्हत्या, कायदा नव्हता. तरी लोकांनी आपल्यापुरती निवडणूक करून टाकली. औंधचे पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले आणि जोशी तर पुढे ‘सार्वजनिक काका’ म्हणूनच ओळखले गेले. आवाज मागून मिळत नसेल तर आधी तो गोळा करावा, हा धडा पुण्याने घालून दिला.

पण मुखत्यारपत्रावर सही करणारेही बहुधा अक्षरओळख असलेले आणि खाऊनपिऊन सुखी असलेले होते. अक्षरशत्रू शेतकऱ्याचे, कुळाचे, अस्पृश्याचे काय? त्यांच्या वतीने पुण्याच्या म्युनिसिपालिटीत एक माणूस बसला होता. १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव फुले हे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चावेत असा प्रस्ताव आला. इतर सारे अनुकूल होते; फुल्यांनी एकट्याने विरोध नोंदविला आणि हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा असे बजावले. पुढे मोठा खर्च करून नवी मंडई बांधण्याची योजना निघाली, तेव्हाही तो पैसा शिक्षणाला लावावा असा आग्रह त्यांनी धरला. मंडई व्हायची ती झालीच. तिला गव्हर्नर रे यांचे नाव लागले.

काळाची थट्टा मात्र बघण्यासारखी आहे. पुण्याच्या ज्या मंडईला फुल्यांनी विरोध केला ती आज महात्मा फुले मंडई आहे आणि मुंबईची क्रॉफर्ड मंडई तीही महात्मा जोतिबा फुले मंडई! कमिशनरचे नाव गेले, गव्हर्नरचे गेले आणि सभेत एकटा पडलेला माणूस दोन्ही ठिकाणी दारावर उभा राहिला. पण दारावर नाव लागले म्हणून त्याचे म्हणणे मान्य झाले असे समजण्याचे कारण नाही.

१८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव काढला, पाठोपाठ १८८४ मध्ये मुंबई इलाख्यासाठी म्युनिसिपालिट्यांचे आणि लोकल बोर्डांचे कायदे झाले आणि तालुक्याच्या गावापर्यंत निवडणुका पोचल्या. येथून पुढची चाळीस वर्षे आपण उडी मारून ओलांडू आणि कोकणात सावित्री नदीच्या काठी महाडला जाऊ. कारण आपल्या प्रश्नाचा खरा निकाल तेथे लागायचा होता.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडून संमत करून घेतला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या वा चालविलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावेत, असा तो ठराव. त्याला अनुसरून ५ जानेवारी १९२४ रोजी महाडच्या म्युनिसिपालिटीने ठरविले की, चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्यास आपली हरकत नाही. ठराव झाला, दप्तरात गेला आणि तेथेच निजला. तळ्यावर मुसलमान पाणी भरीत, ख्रिस्ती भरीत, गुरेढोरे पीत. ज्याच्यासाठी ठराव झाला तो मात्र काठावर पाऊल ठेवू शकत नव्हता. तीन वर्षे अशीच गेली.

मग रामचंद्र बाबाजी मोरे या तरुणाने आणि त्याच्या सोबत्यांनी खटपट केली. अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे स्पृश्य समाजातले सहकारीही पाठीशी होते. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० तारखेला डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर पुढे आणि मागे हजारो माणसे अशी मिरवणूक शांतपणे तळ्यावर गेली. आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतले, मागोमाग लोकांनी घेतले. म्युनिसिपालिटीच्याच ठरावाची त्यांनी अंमलबजावणी केली. त्यांचा ‘गुन्हा’ तो एवढाच! पुढे वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार अशी कंडी पिकली, जेवत असलेल्या आणि घरी परतणाऱ्या माणसांवर काठ्या चालल्या आणि तळ्यात १०८ घागरी पंचगव्य ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले.

आणि म्युनिसिपालिटीने काय केले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोल्यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षे होत असताना, तिने आपला जुना ठराव रद्द केला. दिलेला आवाज काढून घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. गावात जागा मिळेना, तेव्हा एका मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. तेवढ्यात विरोधकांनी दिवाणी कोर्टातून मनाईहुकूम आणला. जमलेले हजारो लोक तळ्यावर जाण्यास उत्सुक होते. परंतु आंबेडकरांनी कोर्टाचा मान राखून पाऊल आवरले आणि कज्जा लढविला. तो लढा साधा नव्हता. खालच्या कोर्टापासून हायकोर्टापर्यंत जवळजवळ दहा वर्षे लागली. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने निकाल दिला की, अस्पृश्यांना वगळण्याची अनादी वहिवाट वादींना शाबीत करता आली नाही. तळे सर्वांचे ठरले.

मित्रहो, ‘गाव म्हणजे कोण’ याचे उत्तर पाहता पाहता किती बदलले! आधी सरकारने नेमलेला तो गाव. मग पन्नास रुपये भरणारा तो गाव. मग पन्नास सह्या आणणारा तो गाव. आणि महाडास प्रथमच असे ठणकावले गेले की, ज्याला तहान लागते तो गाव.

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मतदान आले. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा झाला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले आणि स्त्रियांना निदान तृतीयांश जागा. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाने तर अभ्यासगट करून, सर्वांच्या संमतीने निर्णय घेण्याची शिस्त लावून, २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. पुण्याच्या मुखत्यारपत्राचेच हे जंगलातले भावंड म्हणावे.

पण कायदा झाला म्हणजे काम झाले, असे महाडचा १९२४ चा ठराव आपल्याला समजू देत नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि त्यानंतर काही वर्षे सारा कारभार प्रशासक म्हणून आयुक्तांच्याच हाती राहिला. क्रॉफर्डसाहेबाचा काळ जणू नव्या वेषात परत आला! १८७१ मध्ये करदात्यांनी रान उठविले होते. या खेपेस चाळीचाळींतून, गल्लीगल्लींतून तितका गलबला झाला का, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी पाहावे.

आवाज कोणी कोणाला देत नसतो. तो पन्नास सह्यांनी जमवावा लागतो, एकट्याने विरोध नोंदवून टिकवावा लागतो, तळ्यापर्यंत चालत नेऊन खरा करावा लागतो आणि काढून घेतला गेला तर दहा वर्षे भांडून परत मिळवावा लागतो. दिवाळीची सुटी संपली की आपापल्या गावच्या ग्रामसभेची दवंडी पिटली जाईल, नोटीस फळ्यावर लागेल. सरपंचबाईंच्या समोर चार माणसे बसली आहेत की चारशे, यावर पुष्कळ अवलंबून आहे. चारच असली तर तीच गाव होतील आणि उरलेले आपण सगळे वेशीबाहेरचे ठरू. फरक इतकाच की, या वेळी आपल्याला बाहेर कोणी ठेवलेले नसेल.