लायडनची अरबी आणि तिचे परागंदा गुरू

सोळाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम युरोपातील विद्यापीठांत अरबीचा अध्यापक शोधूनही सापडणे कठीण होते, मात्र या भाषेची निकड नवी नव्हती. १३११-१२ मध्ये व्हिएन येथे भरलेल्या ख्रिस्ती धर्मपरिषदेने पॅरिस, ऑक्सफर्ड, बोलोन्या व सालामांका येथे हिब्रू आणि अरबीसारख्या पौर्वात्य भाषा शिकवण्याची सोय करावी, असा ठराव केला होता आणि तो बहुतांशी कागदावरच राहिला होता. इस्लामी धर्मपंडितांशी वाद घालण्याची ईर्षा, हिब्रू बायबलातील दुर्बोध शब्दांवर तिच्या या भगिनीभाषेतून प्रकाश पाडण्याची आशा आणि वैद्यक व ज्योतिषाचे ग्रंथ मुळातून वाचण्याची ओढ, अशी तिहेरी प्रेरणा असूनही व्याकरण, कोश आणि शिक्षक या तिन्ही साधनांची वानवा होती.

ही वानवा किती होती, हे ब्राबांतमधील निकोलस क्लेनार्डस या पंडिताच्या धडपडीवरून कळते. त्याच्या हाती १५१६ मध्ये जिनोआ येथे छापलेली स्तोत्रसंहिता होती, तिच्यात एकाच स्तोत्राचे हिब्रू, ग्रीक, अरबी इत्यादी पाठ शेजारी शेजारी स्तंभांत दिलेले होते. भाषा बदलली तरी विशेषनामांचा उच्चार फारसा बदलत नाही, हे हेरून त्याने हिब्रू स्तंभातील नावे अरबी स्तंभात हुडकली आणि त्यांच्या आधारे एकेक अक्षर ओळखत नेले. अरबी अक्षराचे रूप शब्दाच्या आरंभी, मध्ये व अखेरीस बदलते, हे ध्यानात घेतले म्हणजे गुरूविना केलेल्या या खटाटोपाचे मोल कळते. परंतु लिपी उलगडली म्हणजे भाषा आली असे नव्हे; पुढे तो स्पेनमध्ये गेला, ग्रानाडा येथे अरबी जाणणाऱ्या एका गुलामाकडून धडे घेतले, १५४० मध्ये मोरोक्कोतील फेज गाठले आणि १५४२ मध्ये ग्रानाडातच निधन पावला. हिब्रू आणि ग्रीक व्याकरणांमुळे क्लेनार्डसचे नाव विद्यार्थ्यांच्या तोंडी राहिले. त्या गुलामाची मात्र अशी कोणतीच आठवण युरोपने जपली नाही.

या विद्येला स्थैर्य आले ते हॉलंडमधील लायडन विद्यापीठात. १६१३ मध्ये तेथे अरबीचा प्राध्यापक झालेल्या थॉमस एर्पेनियसने त्याच वर्षी प्रसिद्ध केलेले व्याकरण पुढे जवळजवळ दोनशे वर्षे युरोपभर प्रमाण मानले गेले, आणि म्हणूनच त्याचे स्वतःचे शिक्षण कसे झाले, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. पॅरिसमध्ये त्याला प्रथम युसुफ इब्न अबू दकन हा कैरोहून आलेला कॉप्ट, म्हणजे इजिप्तमधील प्राचीन ख्रिस्ती समाजातील गृहस्थ, शिक्षक म्हणून लाभला. पण युसुफची अरबी मुख्यतः इजिप्तच्या रोजच्या व्यवहारातील बोली होती, आणि ग्रंथांची अरबी तिच्याहून बरीच वेगळी असते. १६११ मध्ये फ्रान्समध्येच एर्पेनियसची भेट अहमद इब्न कासिम अल-हजरीशी झाली. अल-हजरी हा मोरिस्को, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या स्पॅनिश मुसलमानांपैकी होता. १५६७ च्या राजाज्ञेने स्पेनमध्ये अरबी बोलण्या-लिहिण्यावर बंदी आली होती. त्याही परिस्थितीत त्याने ती भाषा आत्मसात केली, १५९९ मध्ये मोरोक्कोला पळून जाऊन सुलतानाच्या पदरी दुभाषाची चाकरी धरली, आणि १६०९ पासून स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या मोरिस्कोंना समुद्रात लुटणाऱ्या फ्रेंच नाविकांकडून भरपाई मिळवण्यासाठी तो फ्रान्समध्ये आला होता. १६१३ मध्ये तो लायडनलाही येऊन गेला. स्पेनच्या राजसत्तेने जी भाषा आपल्या भूमीतून पुसून टाकायची ठरवली, तिचे प्रौढ रूप स्पेनशी झुंजत उभ्या राहिलेल्या प्रजासत्ताकातील विद्यापीठाला स्पेनच्याच एका परागंदा पुत्राकडून मिळावे, ही घटना युरोपीय प्राच्यविद्येच्या इतिहासात तळटिपेपुरती उरू नये.

एर्पेनियस १६२४ मध्ये प्लेगने वारला. त्याचा शिष्य व उत्तराधिकारी याकोब गोलियस याने मोरोक्को व सीरियात राहून हस्तलिखितांचा मोठा संग्रह केला आणि १६५३ मध्ये अरबी-लॅटिन कोश प्रसिद्ध केला. अरब कोशकारांच्याच ग्रंथांवर उभारलेल्या या कोशामुळे आधीचे कोश मागे पडले. गोलियसप्रमाणेच इंग्रज पाद्री एडवर्ड पोकॉक याचीही खरी पाठशाळा सीरियातील अलेप्पो हे व्यापारी शहर ठरले. लेव्हंट कंपनीच्या, म्हणजे तुर्की साम्राज्याशी व्यापार करणाऱ्या इंग्रज मंडळीच्या, वखारीवर १६३० पासून सुमारे सहा वर्षे धर्मोपदेशक असताना त्याने स्थानिक शेखाकडे अध्ययन केले आणि १६३६ मध्ये ऑक्सफर्डमध्ये नव्यानेच स्थापन झालेल्या अरबीच्या अध्यासनावर त्याची नेमणूक झाली. तो मायदेशी परतल्यावरही अलेप्पोतील दरवेश अहमद त्याच्यासाठी पोथ्या शोधत, नकलून घेत आणि पाठवत राहिला. पोकॉकच्या मृत्यूनंतर, १६९२ मध्ये, त्याचा चारशेहून अधिक हस्तलिखितांचा संग्रह ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने विकत घेतला, आणि दरवेश अहमदची अरबी पत्रेही त्याच ग्रंथालयात आहेत.