लेसच्या बाबिनीपासून विमानाच्या इंजिनापर्यंत

विमानाचा इतिहास आपण १९०३ सालापासून, म्हणजे राइट बंधूंपासून सांगू लागतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याआधी साठ वर्षे विमानाच्या लहान प्रतिकृती हातांनी घडविणारे कारागीर होऊन गेले. त्यांपैकी जॉन स्ट्रिंगफेलो या इंग्रज कारागिराची हकीकत आपणांपुढे ठेवावयाची आहे.

स्ट्रिंगफेलोचा जन्म १७९९ सालचा, शेफील्डजवळचा. नॉटिंगहॅमच्या लेसधंद्यात त्याचा हात तयार झाला. १८१६ साली लफबरो येथे हीथकोट यांच्या कारखान्यातील लेसयंत्रे कामगारांनी फोडली. त्याबद्दल माणसे फासावर गेली आणि मालकाने आपला कारखाना डेव्हनमधील टिव्हर्टनला हलविला. इंग्लंडच्या त्या नैर्ऋत्य भागात लेसधंदा वाढू लागला आणि स्ट्रिंगफेलोही सॉमरसेटमधील चार्ड गावी येऊन बाबिनी व त्यांच्या गाड्या करू लागला. लेसची बाबीन आपल्या कापडगिरणीतल्या बाबिनीसारखी नसते. ती पितळेची पातळ चकती असून तिला उभ्या धाग्यांच्या फटींतून सतत ये-जा करावी लागते. तेथे केसभराची चूक चालत नाही. वस्तू हलकी असून मजबूत कशी करावी, हे त्याला धंद्याने शिकविले.

त्याच धंद्यातील विल्यम हेन्सन याने १८४२ साली वाफेवर चालणाऱ्या हवाई गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पंखांचा विस्तार दीडशे फूट! कंपनी काढण्याची खटपट झाली, पिरॅमिडांवरून उडणाऱ्या गाडीची चित्रे छापली गेली, वृत्तपत्रांनी टर उडविली. भांडवल मात्र जमले नाही. पुढे या दोघांनी वीस फूट पंखांची प्रतिकृती करून चार्डजवळच्या माळावर नेली. बघ्यांची गर्दी टाळावी म्हणून रात्री गेले, तर दवाने रेशीम भिजून पंख लोंबू लागले. ती उडाली नाही. निराश हेन्सन अमेरिकेस निघून गेला.

स्ट्रिंगफेलोने काम सोडले नाही. १८४८ साली त्याने दहा फूट पंखांची, आठ-नऊ पौंड वजनाची नवी प्रतिकृती केली. वारा आणि दव नको म्हणून बंद पडलेल्या लेस कारखान्यातील सुमारे बावीस यार्ड लांबीची खोली निवडली. प्रतिकृती तारेवरून धावे आणि तारेच्या टोकाशी सुटून पुढे जाई. ती तेथून खरोखर स्वतःच्या बळावर उडाली, की मिळालेल्या वेगाने तरंगत गेली, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. उड्डाणाची सविस्तर हकीकत पुष्कळ वर्षांनी मुलाने लिहिली.

पुढली जवळजवळ वीस वर्षे हा नाद मागे पडला. चार्डमध्ये तो छायाचित्रेही काढीत असे. १८६६ साली ब्रिटनमध्ये वैमानिक संस्था निघाली. एकावर एक पंख रचावेत, असा विचार फ्रान्सिस वेनहॅम यांनी तिच्यापुढे मांडला, आणि सत्तरीच्या उंबरठ्यावरील स्ट्रिंगफेलो पुन्हा कामाला लागला. १८६८ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात त्याने तीनपंखी प्रतिकृती मांडली. शिवाय एक वाफेचे इंजिनही ठेवले होते. सुमारे १३ पौंड वजनाचे ते इंजिन एक अश्वशक्ती देते असे परीक्षकांनी नोंदविले आणि वजनाच्या मानाने सर्वांत समर्थ म्हणून त्याला १०० पौंडांचे बक्षीस दिले. १८८३ साली तो वारला. पुढे अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे लँग्ली यांनी ते इंजिन मुद्दाम विकत घेतले.

प्रतिकृती उडाली म्हणजे विमान उडेलच असे नव्हे. लांबी-रुंदी-जाडी दुप्पट केली की पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते, वजन मात्र आठपट. त्यामुळे हलके इंजिन हीच खरी अडचण होती. १९०३ साली राइट बंधूंना हवे तसे इंजिन बाजारात मिळाले नाही, तेव्हा त्यांच्या सायकलींच्या कारखान्यातील चार्ली टेलर या कारागिराने ते करून दिले.

चार्डच्या खोलीतील उड्डाण वादग्रस्त राहिले, तरी स्ट्रिंगफेलोचे काही उणे होत नाही. त्याचे इंजिन लोकांसमक्ष चालले, परीक्षकांनी ते तपासले. कष्टकऱ्याच्या कर्तृत्वाचा इतिहास लिहिताना आपण असाच पुरावा आधी मांडावा. दाव्याला फुगवून उसना मोठेपणा आणला, तर शंका निघताच खऱ्या कामावरचाही लोकांचा विश्वास उडतो, आणि ते नुकसान आपल्यालाच सोसावे लागते.